चुरशीच्या लढतीचे भाकीत

(पक्षाच्या कार्यकर्ता अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

संयोजकांनी मला दिलेला विषय ‘निवडणुकीचे भाकीत करता येते काय?’ असा आहे. या विषयावर बोलताना उदाहरणे आपल्याच जिल्ह्यातली घेतली असती तर पहिल्या दहा मिनिटांतच सभागृहात दोन तट पडले असते, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत आपण कोणाचे गणित कोणामुळे चुकले याच वादात गुंतलो असतो. म्हणून मी मुद्दाम दूरची उदाहरणे घेणार आहे. अमेरिकेतल्या घटकराज्यांच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुका, आणि त्यातही विशेषतः २ नोव्हेंबर १९८२ या एकाच दिवशी झालेल्या दोन लढती, एक कॅलिफोर्नियाची आणि दुसरी इलिनॉयची, यांच्याविषयी मी बोलणार आहे. या दोन्ही ठिकाणी जनमत चाचण्या करणाऱ्यांचे अंदाज चुकले. परंतु ते परस्परविरुद्ध दिशांनी चुकले, आणि माझ्या मते त्यातच शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आरंभीच एक खुलासा करतो. ‘गव्हर्नर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजभवनात बसलेले राज्यपाल उभे राहतात. अमेरिकेतला गव्हर्नर तसा नाही. तो थेट जनतेच्या मतांनी निवडून येतो आणि राज्याचा कारभार प्रत्यक्ष हाकतो. म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्याच्या जागी तो असतो, आणि विधिमंडळातले बहुमत फिरले म्हणून त्याची खुर्ची जात नाही. आपल्या घटना समितीनेही प्रथम राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा असेच ठरविले होते. पुढे मे १९४९ मध्ये तो विचार सोडून देण्यात आला आणि राष्ट्रपतींनी नेमणूक करावयाची पद्धत स्वीकारण्यात आली. तो निर्णय बरोबर होता की चूक हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. आज एवढेच लक्षात ठेवू की अमेरिकेतल्या या लढतीत संपूर्ण राज्य हा एकच मतदारसंघ असतो आणि एका मताने पुढे असलेला उमेदवार सर्व काही जिंकतो.

कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार होते टॉम ब्रॅडली. टेक्सासमध्ये कुळवहिवाटीने कापूस पिकविणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात १९१७ साली त्यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा गुलामगिरीत जन्मले होते. ब्रॅडली लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात शिरले, नोकरी करता करता वकील झाले, नगर परिषदेवर निवडून गेले आणि १९७३ साली त्या महानगराचे महापौर झाले. बहुसंख्य मतदार गोरे असलेल्या शहराने एका कृष्णवर्णीय माणसाला महापौर केले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्यांच्यासमोर रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज ड्यूकमेजियन उभे होते. ते राज्याचे अॅटर्नी जनरल होते आणि तुर्की साम्राज्यातल्या कत्तलींपासून जीव वाचवून आलेल्या आर्मेनियन कुटुंबातले होते. सारांश, दोन्ही उमेदवार छळ सोसलेल्या समाजांचेच वारस होते. छळाच्या स्मृतीतून माणूस आपोआप डावीकडे वळतो असे समजणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

निवडणुकीपूर्वीच्या बहुतेक चाचण्यांत ब्रॅडली पुढे होते. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर पडणाऱ्या मतदारांना विचारून जी चाचणी करतात, जिला आपण इंग्रजी शब्दानेच ‘एक्झिट पोल’ म्हणतो, तिच्या आधारे मर्विन फील्ड या त्या राज्यातल्या सर्वांत नावाजलेल्या जनमत पाहणीकाराने ब्रॅडली यांचा विजय होणार असे जाहीर केले. ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’च्या पहिल्या आवृत्तीत ब्रॅडली यांच्या अपेक्षित विजयाचा मथळाही छापून गेला. प्रत्यक्षात जवळजवळ ७९ लाख मतांच्या मोजणीनंतर ड्यूकमेजियन यांना ३८ लाख ८१ हजार आणि ब्रॅडली यांना ३७ लाख ८८ हजारांच्या आसपास मते पडली. अंतर सुमारे ९३ हजारांचे, म्हणजे शेकडा सव्वाहून थोडे कमीच.

आता इलिनॉयकडे पाहू. तेथे रिपब्लिकन पक्षाचे जेम्स थॉम्प्सन १९७७ पासून गव्हर्नर होते. त्यांच्याविरुद्ध माजी सिनेटर अॅडलाय स्टीव्हन्सन तिसरे उभे होते. १९५२ आणि १९५६ साली अध्यक्षपदासाठी आयझेनहॉवर यांच्याशी लढलेल्या स्टीव्हन्सन यांचे ते चिरंजीव. चाचण्यांनी थॉम्प्सन यांना दोन आकडी टक्केवारीची आघाडी दिली होती. लढत संपल्यातच जमा आहे, असे शहाणे लोक म्हणत होते. मोजणी झाली तेव्हा सुमारे ३६ लाख ७० हजार मतांमध्ये थॉम्प्सन अवघ्या ५,०७४ मतांनी पुढे राहिले. स्टीव्हन्सन यांनी फेरमोजणी मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८३ मध्ये, शपथविधीच्या अगदी तोंडावर, फेरमोजणीचा कायदाच घटनाबाह्य ठरविला, आणि तोही चार विरुद्ध तीन अशा मतांनी. अशा रीतीने ३६ लाख मतदारांच्या कौलावर शेवटचे शिक्कामोर्तब एका न्यायाधीशाच्या मताने झाले.

एकाच रात्री एका राज्यात जिंकणार म्हणून सांगितलेला उमेदवार हरला, आणि दुसऱ्या राज्यात दारुण पराभव होणार म्हणून सांगितलेला उमेदवार जिंकता जिंकता राहिला. असे का झाले?

चाचणीचे शास्त्र खोटे आहे, असे मी म्हणणार नाही. आपल्या काही साथींना तसे म्हणायला आवडते. विशेषतः चाचणी आपल्या विरुद्ध गेली म्हणजे. शितावरून भाताची परीक्षा ही आपल्या घरातलीच म्हण आहे आणि नमुना चाचणीचे सारे शास्त्र तिच्यातच आहे. शीत लहान असले तरी चालते. भात मात्र नीट ढवळलेला हवा. तळाशी करपलेला आणि वर कच्चा राहिलेला भात असेल तर वरची वाटीभर शिते तपासूनही काही कळत नाही. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांच्या आधारे रूझवेल्ट पडणार असे छापले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या ऐन भरात ज्याच्या घरी फोन आहे त्याला विचारून देशाचे मत काढण्याचा हा प्रकार होता. यात वर्गदृष्टीचा अभाव होता, असे मी म्हटले तर कोणी हसू नये. ती अक्षरशः वर्गीय चूक होती.

परंतु भात नीट ढवळला तरी एक मर्यादा उरतेच. हजार माणसांच्या उत्तम नमुन्यातही प्रत्येक उमेदवाराच्या टक्केवारीत तीन टक्के इकडे किंवा तिकडे एवढी चूक गृहीत धरावी लागते, आणि दोघांमधल्या अंतराविषयी बोलायचे तर ती जवळजवळ दुप्पट होते. कॅलिफोर्नियातले सव्वा टक्क्याचे अंतर खात्रीने पकडायला पंचवीस हजारांवर लोकांना विचारावे लागले असते. इलिनॉयमधले अंतर पकडायचे तर सुमारे तेरा लाखांना, म्हणजे दर तीन मतदारांतल्या एकाला! मग ती चाचणी कसली, ती निवडणूकच झाली. हे गणित पाहणीकारांना ठाऊक असते. ‘ही लढत आम्हांला सांगता येत नाही’ हे त्यांचे प्रामाणिक उत्तर असायला हवे. पण त्या उत्तराचे पैसे कोणी देत नाही, आणि वृत्तपत्राला त्याचा मथळाही करता येत नाही.

तथापि इलिनॉयमधली दोन आकडी चूक या गणिताने झाकली जात नाही. ती चूक माणसे न दिसण्याची होती. १९८२ हे वर्ष आठवा. रेगन यांच्या कारकिर्दीतल्या मंदीने अमेरिकेतली बेकारी दहा टक्क्यांच्या वर नेली होती. शिकागोच्या दक्षिण भागातल्या पोलाद कारखान्यांची धुराडी थंड पडत होती. विस्कॉन्सिन स्टील हा कारखाना १९८० च्या मार्चमध्ये एका दिवसात बंद झाला होता. त्या वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय समाजात १९८२ च्या उन्हाळ्यात आणि शरदात मतदार नोंदणीची मोठी मोहीम झाली. चर्चमधून, वस्तीतल्या संघटनांतून, सरकारी मदतीच्या रांगांतून कार्यकर्त्यांनी लाखाच्या वर नवे मतदार यादीत आणले. पाहणीकार मात्र ‘संभाव्य मतदार’ कोण हे ठरविताना मागच्या वेळी मत दिले होते काय, असा प्रश्न विचारतो. ज्याने मागे मत दिले नाही तो त्याच्या चाळणीतून खाली पडतो. या चाळणीतून गळालेली माणसे २ नोव्हेंबरला रांगेत उभी राहिली, असा माझा तर्क आहे. चाचणीने त्यांना मोजले नाही, कारण तिच्या हिशेबी ती नागरिक असली तरी मतदार नव्हती.

कॅलिफोर्नियाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यावर जगभर एक सिद्धांतही उभा राहिला. ‘ब्रॅडली परिणाम’ या नावाने तो ओळखला जातो. गोरा मतदार पाहणीकाराला सांगतो की मी ब्रॅडलींना मत देणार, कारण नाही म्हटले तर आपण वंशद्वेष्टे ठरू अशी त्याला लाज वाटते. आणि पडद्याआड जाऊन तो दुसऱ्यालाच मत देतो, असा त्याचा आशय. याला आधार नव्हता असे नाही. ड्यूकमेजियन यांच्या प्रचाराची सूत्रे सांभाळणारे बिल रॉबर्ट्स यांनी निवडणुकीच्या आधीच, ऑक्टोबरमध्ये, बोलून दाखविले होते की चाचण्यांत न दिसणारी पाच टक्के मते वर्णामुळे आपल्याकडे येतील. एवढे उघड बोलल्यामुळे त्यांना प्रचारातून बाहेर पडावे लागले. ब्रॅडली यांचाही हा पहिला अनुभव नव्हता. १९६९ साली महापौरपदाच्या पहिल्या लढतीत पहिल्या फेरीत ते बरेच पुढे होते, अंतिम फेरीत पडले, आणि प्रतिस्पर्धी सॅम योर्टी यांनी त्या मोहिमेत वर्णभयाचा वापर उघडपणे केला होता. पुढे १९८९ मध्ये व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर अमेरिकेतले पहिले निर्वाचित कृष्णवर्णीय गव्हर्नर झाले तेव्हाही एक्झिट पोलने त्यांना जवळजवळ दहा टक्क्यांची आघाडी दिली होती. प्रत्यक्षात ते सात हजारांहूनही कमी मतांनी, अर्ध्या टक्क्याच्या आत, निवडून आले.

लाजेपोटी लपविलेले मत आपल्यालाही अपरिचित नाही. १९७७ च्या मार्चमध्ये भीतीपोटी लपविलेले मत आपण पाहिले. १८ जानेवारीला निवडणूक जाहीर झाली तेव्हा एकोणीस महिने आणीबाणी भोगलेला माणूस अनोळखी प्रश्नकर्त्याला खरे उत्तर देईल अशी अपेक्षा कशी करावी? सत्ताधाऱ्यांनी जनतेचे तोंड बांधले होते आणि मग त्याच बांधलेल्या तोंडाच्या शांततेला त्यांनी संमती समजले. काँग्रेसला १५४ जागा मिळाल्या आणि पंतप्रधान स्वतः पराभूत झाल्या. लाज असो की भीती, माणूस जेव्हा बोलू शकत नाही तेव्हा चाचणी मुकी होत नाही. ती खोटे बोलू लागते, हा तिचा दोष आहे.

असे असूनही ब्रॅडली यांच्या पराभवाचे सारे खापर वर्णद्वेषावर फोडायला मी तयार नाही. मतदान केंद्रांवर प्रत्यक्ष पडलेल्या मतांत ब्रॅडली सुमारे वीस हजारांनी पुढे होते. म्हणजे फील्ड यांचा एक्झिट पोल अंतराच्या बाबतीत ढोबळ असला तरी जेथे तो घेतला तेथे विजेत्याविषयी चुकला नव्हता. ब्रॅडली हरले ते टपालाने आलेल्या मतांत. कॅलिफोर्नियाने १९७८ साली कायदा बदलून कोणत्याही मतदाराला कारण न देता टपालाने मत देण्याची मुभा दिली होती. रिपब्लिकन पक्षाने हे बरोबर हेरले. आपल्या नोंदलेल्या मतदारांच्या घरी त्याने टपाली मतपत्रिकेचे अर्ज मोठ्या प्रमाणावर पाठविले. पाच लाखांच्या वर टपाली मते पडली आणि त्यांत ड्यूकमेजियन यांनी एक लाखाहून अधिकची आघाडी घेतली. केंद्राच्या दारात उभ्या राहिलेल्या प्रश्नकर्त्याला ही माणसे भेटण्याचा संभवच नव्हता; त्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून आठवडाभर आधीच मत दिले होते. इकडे त्याच दिवशी मतपत्रिकेवर पिस्तुलांच्या नोंदणीविषयीचा ‘पंधरावा प्रस्ताव’ होता. ब्रॅडली यांचा त्याला पाठिंबा होता. तो प्रस्ताव पाडण्यासाठी ग्रामीण भागातले बंदूकप्रेमी मतदार हिरिरीने बाहेर पडले. प्रस्ताव ६३ विरुद्ध ३७ टक्क्यांनी पडला आणि जाता जाता ब्रॅडलींनाही घेऊन गेला. शिवाय अल्पसंख्य वस्त्यांतले मतदान अपेक्षेपेक्षा कमी झाले, हे फील्ड यांनी नंतर स्वतःच्या चुकीची चिकित्सा करताना नमूद केले.

साथींनो, येथे क्षणभर थांबा. चुरशीच्या लढतीत एक चमत्कारिक गोष्ट घडते. अंतर सव्वा टक्क्याचे असले की ज्याने ज्याने एक टक्का फिरविला ते प्रत्येक कारण ‘निर्णायक’ ठरते. वर्णद्वेष निर्णायक, टपाली मते निर्णायक, पिस्तुले निर्णायक, वस्त्यांतले कमी मतदान निर्णायक. सगळेच खरे असते. म्हणून प्रत्येकजण आपल्याला सोयीचे कारण उचलतो. उदारमतवाद्याला वर्णद्वेषाचे कारण बरे वाटते, कारण त्यात आपले काही चुकले असे निघत नाही; लोकच वाईट निघाले. हरलेल्या पक्षाच्या बैठकीत हे कारण सर्वांत आधी बोलले जाते. आपल्या बैठकांत काय बोलले जाते याची आठवण तुम्हांला मी करून देण्याची गरज नाही. जातीवर मतदान झाले, पैसा वाटला गेला. होय, झाले, वाटला गेला. परंतु टपालाचे अर्ज कोणी भरून घेतले, आणि आपल्या वस्तीतला माणूस घरात का बसून राहिला, हा प्रश्न विचारायला त्या बैठकीत वेळ उरत नाही.

तो का बसून राहिला? मध्यमवर्गीय गोऱ्या मतदाराला बिचकवू नये म्हणून ब्रॅडली यांच्या मोहिमेने स्वतःच्या वस्त्यांत आवाज खाली ठेवला, अशी टीका नंतर पुष्कळांनी केली. मला ती बरीचशी योग्य वाटते. आपले हक्काचे मतदार कोठे जातात, ते आपलेच आहेत, असे गृहीत धरायचे आणि सारी शक्ती कुंपणावरच्या मतदाराचे मन सांभाळण्यात खर्च करायची, हा हिशेब चाचणी पाहूनच केला जातो. चाचणीत आपण पुढे आहोत असे दिसले म्हणजे काही गडबड होऊ नये एवढेच सल्लागारांना हवे असते. ब्रॅडली सौम्य होते, सभ्य होते, कोणालाही भिववीत नव्हते. अर्थात शिकागोतल्या मोहिमेने उलट केले म्हणून ती यशस्वी झाली आणि लॉस एंजेलिसची अपयशी, असे सरळ समीकरण मी मांडणार नाही. स्टीव्हन्सनही शेवटी हरलेच. या प्रश्नावर आपल्या पक्षात दोन मते आहेत आणि ती राहणार. परंतु आघाडीचा आकडा हाती आला म्हणून आपल्या वस्तीतली घरे गाळायची, या व्यवहाराचे समर्थन कोणत्याही भूमिकेतून करता येईल असे मला वाटत नाही.

टपाली मतांची गोष्ट ऐकताना तुमच्यापैकी मुंबईच्या साथींना २०२४ ची लोकसभा आठवली असेल. वायव्य मुंबई मतदारसंघात यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तीकर एका मताने पुढे होते, आणि टपाली मते धरून रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी घोषित झाले. साडेनऊ लाखांच्या आसपास मतदान झालेल्या मतदारसंघात अठ्ठेचाळीस मते! तेथे एक्झिट पोलने काय भाकीत करावे? त्याच वर्षी १ जूनला जाहीर झालेल्या एक्झिट पोलांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेले होते. ३ जूनला मुंबईच्या शेअर बाजाराचा निर्देशांक अडीच हजार अंशांनी उसळला, आणि ४ जूनला निकाल येऊ लागताच चार हजारांहून अधिक अंशांनी कोसळला. आघाडीला २९३ जागा मिळाल्या, भारतीय जनता पक्षाला २४०. भाकीत हा कोणासाठी माल आहे आणि त्या मालाचे भाव कोठे ठरतात, हे त्या तीन दिवसांत पुरेसे दिसले. २००९ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात १२६-अ हे कलम घालून मतदानाची शेवटची फेरी संपेपर्यंत एक्झिट पोलला बंदी केली आहे, ती योग्यच आहे. परंतु कायदा मतदाराचे रक्षण करतो, बाजारात हात पोळून घेणाऱ्या छोट्या माणसाचे करीत नाही.

अंतर फारच कमी असेल तर मोजणीलाही भाकितासारखाच दोष लागतो, हेही सांगितले पाहिजे. मिनेसोटा राज्यात १९६२ साली कार्ल रोलव्हाग आणि विद्यमान गव्हर्नर एल्मर अँडरसन यांच्यात लढत झाली. रोलव्हाग ज्या पक्षाचे होते त्याच्या नावातच ‘शेतकरी-मजूर’ हे शब्द आजही आहेत. फ्लॉइड ओल्सन यांच्या नेतृत्वाखाली १९३० च्या दशकात राज्य चालविलेला शेतकरी-मजूर पक्ष १९४४ मध्ये डेमोक्रॅट पक्षात विलीन झाला, त्याचा हा वारसा. प्रथम अँडरसन १४२ मतांनी पुढे असल्याचे सांगण्यात आले. मग साडेबारा लाखांच्या जवळपास मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या गेल्या. हे काम मार्च १९६३ पर्यंत चालले, आणि रोलव्हाग ९१ मतांनी विजयी ठरले. वॉशिंग्टन राज्यात २००४ साली तर तीन मोजण्या झाल्या. पहिलीत रिपब्लिकन डिनो रॉसी २६१ मतांनी पुढे, यंत्राच्या फेरमोजणीत ४२ मतांनी पुढे, आणि हाताच्या मोजणीत डेमोक्रॅट ख्रिस्तीन ग्रेगोर १२९ मतांनी विजयी. त्या हाताच्या मोजणीसाठी लागणारी सात लाखांहून अधिक डॉलरची अनामत पक्षाने भरली. त्याआधी सहीतल्या त्रुटीमुळे ज्यांची मते बाजूला ठेवली होती अशा मतदारांच्या याद्या न्यायालयाकडून मिळवून कार्यकर्ते त्यांच्या घरी गेले आणि त्यांची प्रतिज्ञापत्रे घेऊन आले. मतदान संपून आठवडा उलटून गेला होता. पाऊस, थंडी आणि दारोदार हिंडणे चालूच होते. ग्रेगोर पुढे आठ वर्षे गव्हर्नर राहिल्या.

आता आपल्या स्वतःच्या अंदाजांविषयी दोन शब्द, कारण पाहणीकारांना हसणे सोपे आहे. कार्यकर्त्याचे भाकीत हे बहुधा त्यांच्याहून वाईट असते. माझ्या वहीत एकदा आमच्या उमेदवाराची अकरा हजार मते पक्की लिहिलेली होती. घरोघर जाऊन, नावावर खूण करून काढलेला आकडा होता तो. पेटीतून सात हजारही निघाली नाहीत. मी खोटे लिहिले नव्हते आणि लोकांनीही मला फसविले असे मी म्हणणार नाही. दारी आलेल्या माणसाला पाणी द्यावे, चहा द्यावा, आणि ‘तुमचेच काम करतोय, काळजी करू नका’ असे म्हणावे, हा आपल्याकडचा पाहुणचार आहे. मी त्या पाहुणचाराची मते मोजली होती. ‘ब्रॅडली परिणाम’ शोधायला मला कॅलिफोर्नियाला जाण्याचे कारण नव्हते. त्यानंतर मी वहीत होकार लिहिणे बंद केले. त्याऐवजी चार गोष्टी लिहू लागलो: घरातला कोण मागच्या वेळी मतदानाला गेला नाही, का गेला नाही, कोण कामासाठी बाहेरगावी आहे आणि तो त्या दिवशी येणार कसा. सुनेचे नाव अजून माहेरच्या यादीत आहे काय, हेही विचारतो. या माहितीवरून निकालाचे भाकीत होत नाही. मात्र वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे करण्यासारखे काहीतरी काम असते, आणि अकरा हजारांच्या त्या आकड्यापुढे काहीच नव्हते.

शिकागोचे पुढे काय झाले ते सांगतो आणि थांबतो, कारण प्रश्नोत्तरांना वेळ हवा आहे. १९८२ च्या मोहिमेत यादीत आलेली नावे निवडणूक संपल्यावर यादीतच राहिली. मोहीम थांबली नाही. हिवाळ्यातही नोंदणी चालू राहिली. फेब्रुवारी १९८३ मध्ये शहराच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत लढतीत हॅरोल्ड वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय खासदाराने विद्यमान महापौर जेन बर्न आणि जुन्या महापौरांचे चिरंजीव रिचर्ड डेली या दोघांनाही मागे टाकले. जाणत्यांच्या भाकितांत ते सुरुवातीला तिसऱ्या क्रमांकावर होते. १२ एप्रिलला, सुमारे तेरा लाख मतदानात, ते अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास मताधिक्याने महापौर झाले.